सातचा भागाकार ऐकणारी मुलगी

परळच्या शाळेत गणित शिकवत होते तेव्हा आठवीला दर वर्षी काही तास मी कॅल्क्युलेटरचे ठेवायचे. मुलं घरात असेल ते यंत्र घेऊन यायची. ज्यांच्याकडे नसेल ती शेजारच्याबरोबर वाटून घ्यायची. अकराला अकरानं गुणा, मग एकशे अकराला एकशे अकरानं, मग पुढे. मी उत्तरं फळ्यावर एकाखाली एक लिहायचे. १२१, १२३२१, १२३४३२१. आकडे चढत जातात आणि उतरत येतात. त्याला डोंगर हे नाव मुलांनीच दिलेलं.

निवृत्तीला तीनेक वर्षं उरली असताना वर्गात एक मुलगी आली. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. आई जवळच्या हॉस्पिटलात आया होती, ड्युटीवर जाताना तिला शाळेत सोडून जायची. मुलीकडे एका संस्थेनं दिलेलं बोलणारं कॅल्क्युलेटर होतं. बटण दाबलं की कुणी परदेशी बाई इंग्रजीत आकडा म्हणायची.

डोंगराच्या तासाला त्या यंत्रानं म्हटलं, "ट्वेल्व्ह थाउजंड थ्री हंड्रेड ट्वेंटी वन." वर्ग हसला. मी म्हटलं, "आवाज कमी कर गं." तिनं केला. पुढची पंधरा मिनिटं पोरं डोंगर डोंगर करत होती आणि मी खूश होते.

तास संपल्यावर ती बाकापाशीच थांबली. "बाई, डोंगर कुठे आहे?"

मी तिचं बोट धरून बाकावर आकडे गिरवले. एक, दोन, तीन, दोन, एक. तिनं पुन्हा एकदा गिरवायला लावले.

"असं सांगितलं असतं तर कळलं असतं," ती म्हणाली. "माझं मशीन बारा हजार तीनशे एकवीस म्हणतं. त्यात डोंगर नाही. आणि तुम्ही म्हणता, हे बघा, आता हे बघा. हे म्हणजे काय, बाई?"

ती चिडून बोलत नव्हती, खरंच विचारत होती. त्या दिवशी लालबागला घरी चालत जाताना मला माझंच शिकवणं ऐकू येत होतं. इतकी वर्षं मी गणित बोटानं दाखवत आले होते. शिवाय जो एक आवाज तिला वर्गात घेऊन येत होता, तोच मी कमी करायला लावला होता.

पुढच्या आठवड्यात सातनं भागायचं होतं. मी तिला पुढच्या बाकावर बसवलं आणि म्हटलं, "आज आवाज मोठा ठेव." एक भागिले सात. यंत्र म्हणालं, "झीरो पॉइंट वन फोर टू एट फाइव्ह सेव्हन वन." दशांशचिन्हापुढचे आकडे ते सुटे सुटे म्हणायचं, हे मलाही तेव्हाच कळलं. दोन भागिले सात झालं, तीन भागिले सात झालं. मुलं मान खाली घालून वहीत उतरवत होती.

"बाई, एकच चाल आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"एक, चार, दोन, आठ, पाच, सात. तिन्ही वेळा तीच. फक्त सुरुवात दुसरीकडून. एक, दोन, चार सुरुवातीला येऊन गेले. उरले पाच, सात, आठ. उत्तर वाढत जाणार, म्हणजे आता पाचपासून."

तिच्या शेजारणीनं चार भागिले सात केलं आणि वाचलं, "शून्य पॉइंट पाच सात एक चार..." मग एकेकानं वही वर करून आपापले आकडे पुन्हा पाहायला सुरुवात केली.

"तेराचं पण असंच असतं का?" तिनं विचारलं.

"असेल," मी सहज म्हणून गेले.

ती बटणं दाबत राहिली. घंटा व्हायच्या जरा आधी म्हणाली, "नाही बाई. तेराच्या दोन चाली आहेत. एक आणि तीनला तेरानं भागलं की एक चाल. दोन आणि पाचला भागलं की वेगळी."

तिचं बोट चुकून दुसऱ्या बटणावर पडलं असेल असंच मला वाटलं. मी शेजारणीचं यंत्र घेऊन भागून पाहिलं. चूक माझीच होती.

रविवारी स्वयंपाक उरकल्यावर मी कागद घेऊन बसले आणि हातानं भागाकार केले. बाकी काय उरते ते बाजूला लिहीत गेले, तेव्हा उलगडलं. सातनं भागताना एकपासून सुरुवात केली की एक ते सहा सगळ्या बाक्या येऊन जातात. तेराला त्या दोन गटांत वाटल्या जातात. सोमवारी वर्गात सांगून टाकलं, "मी परवा नुसतं असेल म्हटलं होतं. मला माहीत नव्हतं." मग प्रत्येक बाकी मोठ्यानं म्हणत मी भागाकार फळ्यावर केला.

"म्हणजे पुढचा आकडा बाकी ठरवते," ती म्हणाली. मी हो म्हटलं.

नववीत असताना तिची आई मधल्या सुट्टीत एक अर्ज घेऊन आली. दिसत नसलेल्या मुलांना दहावीला गणिताऐवजी सोपा विषय घ्यायची सवलत होती. "सगळे म्हणतात घेऊन टाका, टक्के वाढतील. तुम्ही काय म्हणता, बाई?"

खरं सांगायचं तर मीही घ्या म्हणणार होते. भूमितीच्या आकृत्यांची मला धास्ती होती. पण आईशेजारी उभी असलेली मुलगीच म्हणाली, "मी गणित ठेवते. आकृत्यांचे मार्क जातील, माहितीये मला."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ठेवू दे तिला."

वर्षभर आम्ही शाळा सुटल्यावर बसलो. पुठ्ठ्यावर दोरा चिकटवून मी त्रिकोण आणि वर्तुळं करायचे, ती बोटानं वाचायची. दहावीच्या निकालाच्या दिवशी मायलेकी पेढे घेऊन माझ्या घरी आल्या. गणितात एकावन्न होते. आई हसत होती, मुलगी जरा खट्टू होती.

"मला साठ वाटले होते, बाई," ती म्हणाली.

मलाही वाटले होते, आणि मी तसं तिला सांगितलं.