आप्पांची चारी

आप्पा काल सकाळी गेले.
बेटावरची अंडी अजून फुटलेली नाहीत.

शहाद्याकडच्या आमच्या तलावाचं पाणी ओसरलं की आप्पा तळाच्या गाळात टरबूज लावायचे. समोरच्या वाळूच्या बेटावर नदी सुरय पक्षी अंडी घालतात. उन्हाळ्यात पाणी रोज मागे सरकतं आणि बेट कोरडं पडतं.

तर हा सत्तरीचा माणूस रोज फावडं घेऊन पाण्यापासून बेटापर्यंत चारी खणायचा. पाणी वीतभर मागे गेलं की चारी वीतभर पुढे.
स्वतःच्या टरबुजाच्या चार सऱ्या मोडून!

जिजी, म्हणजे त्यांची बायको, करवादायच्या. "लोके टरबूज पिकाडतस, मन्हा घरवाला खड्डा पिकाडस!"

मला वाटायचं, बेटावर कुत्री जाऊ नयेत म्हणून हा खटाटोप.

"कुत्रासले ते मी हाकली दिसू," आप्पा म्हणाले. "मास्तर, इतला मोठा कॅमेरा लिसन बसस, तुले हाई दिखनं नही का? देख."

मादी उडाली. चारीतल्या पाण्यात पोट बुडवलं. परत येऊन ओल्या पोटाने अंड्यांवर बसली.

"पानी दूर गयं ते तिले येवाले येळ लागस. तवलूंग अंडा शिजी जातीन."

चार वर्षं त्याच पक्ष्याचे फोटो काढत होतो मी. काय पाहत होतो देव जाणे.

मागच्या उन्हाळ्यात मी गाढवपणा केला. फोटो लोकेशनसकट पोस्ट केला. रविवारी गाड्या भरून लोक आले, पक्षी तासभर हवेत, अंडी उघडी. एकही पिल्लू निघालं नाही.
आप्पा रागावले नाहीत. आठवडाभर चहा विचारला नाही, बस्स.
तलावाचं नाव म्हणूनच लिहीत नाही. कमेंटमध्येही विचारू नका, प्लीज.

आज सकाळी भेटायला गेलो. ओट्यावर बायका जमलेल्या, जिजी कुठेच नाहीत.

तलावावर सापडल्या. गुडघाभर चिखलात, चारीत. हातात आप्पांचं फावडं.

"जिजी, अहो, सुतक आहे ना घरात?"

वर न बघता म्हणाल्या, "सुतक मले शे. तिले नही."

शेजारच्या मळ्यातून दुसरं फावडं आणलं आणि त्यांच्या मागे उतरलो. दुपारपर्यंत पाणी बेटाला लागलं.

आप्पा, निवांत जा.
तुम्हाला आम्हा दोघांचा, चिखलाच्या हातांनी, नमस्कार.