मंगळावरचं खग्रास

अकोल्यातल्या त्या शोबद्दल बोलायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. कुणी विचारलंच, तर "ऑपरेटर चुकला" म्हणायचो. ऑपरेटर चुकला नव्हता.

मी फिरत्या तारांगणाचा प्रमुख होतो. हवेने फुगवलेला घुमट, मधे प्रोजेक्टर, वर आकाश. शाळाशाळांत शो करायचो. प्रोजेक्टर वासुदेव तायडे चालवायचा. तो कंत्राटी होता, ऑर्डर दरवर्षी नव्याने निघायची.

त्या वर्षी विषय होता, दुसऱ्या ग्रहांवरून सूर्यग्रहण कसं दिसेल. बुध-शुक्राला चंद्रच नाही. गुरूवरून सूर्य एवढा लहान दिसतो, की गुरूचे मोठे चंद्र त्याला सहज झाकतात. मंगळाचा चंद्र फोबोस मात्र छोटा, बटाट्यासारखा वेडावाकडा. तो सूर्यासमोरून अर्ध्या मिनिटात सरकून जातो, सूर्य काही पुरा झाकत नाही. तेल्हाऱ्याच्या शोला नातवासोबत आलेली एक आजी म्हणाली, "अर्ध्या मिनिटाचं ग्रहण? मंग वेध पाळाले सोपं हाय बाप्पा!"

पण मंगळाच्या वेळी घुमटात अंधार होत नसे. टाळ्याही पडत नसत. आणि अकोल्याला आमच्या संचालकांसोबत निधी देणारी समिती येणार होती. त्यांना शो आवडला नाही, तर तारांगण बंद.

"वासुदेव, फोबोस मोठा कर. सूर्य पुरा झाकला पायजे."

"काहून साहेब? तसं होत नाई न."

"कोणाले समजते? कर तू."

"तुमी म्हणता म्हून करून राहिलो. उद्या माह्या गळ्यात टाकू नोका."

अंधार झाला. टाळ्याही पडल्या. दिवे लागल्यावर समितीतल्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापक बाई म्हणाल्या, "मंगळावर खग्रास? हे कुणी केलं?"

संचालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी वासुदेवकडे पाहिलं.

"तायडे, तपासून घ्यायचं ना," मी म्हणालो.

तो प्रोजेक्टरची वायर गुंडाळत राहिला.

तारांगण वाचलं. वासुदेवची ऑर्डर पुन्हा निघाली नाही. नव्या ऑपरेटरला मी पहिल्याच दिवशी सांगितलं, साहेबाने चित्र बदलायला सांगितलं तर लेखी मागायचं.

गेल्या महिन्यात कळलं, वासुदेव अमरावतीजवळ नांदगाव पेठेत एका कापड कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहे. गेलो. शिफ्ट सुटली, तो बाहेर आला आणि सोबतच्यांना म्हणाला, "हे आमचे साहेब. यायनंच मले आकाश शिकवलं."

अमरावतीहून तिकडे जाताना ऑटोत वाक्य पाठ केलं होतं: वासुदेव, त्या दिवशी मी तुझ्यावर ढकललं, मला माफ कर.

"कसं काय, बरं हाय न?" एवढंच मी विचारलं.