कुंडलची वाट आणि ताईंचा सुजलेला गाल

कुंडलला प्रसूतिसेवा शिकणाऱ्या मुलींना गरोदरपणात दात कसे सांभाळायचे ते शिकवायला याल का, असा फोन आला. मी हो म्हणाले आणि लगेच घाबरले. मी दातांची डॉक्टर खरी, पण पोटुशी बाई खुर्चीत बसली की माझे हात गार पडतात. ‘बाळंतपण झाल्यावर या’ म्हणून मी कितीतरी जणींना परत पाठवलंय. आणि आता शिकवायचं काय, तर थांबू नका!

साताऱ्याहून सातला निघालात तर कराडला मिसळ खाऊनही दहापर्यंत कुंडल येतं. उसाचे दिवस असतील तर तासभर जास्त धरा, ट्रॉल्या पुढे जाऊ देत नाहीत.

वर्गात विचारलं, घरी मिशरी कोण लावतं? जवळजवळ सगळे हात वर. भाजलेल्या तंबाखूने हिरड्यांचं आणि बाळाचं काय होतं ते सांगितलं. तास संपल्यावर सोनाली नावाची मुलगी मागे थांबली. तिची सात महिन्यांची गरोदर बहीण माहेरी आली होती.

“मॅडम, ताईला मिशरी मीच भाजून दिली. ठणका मरतो म्हणून. आता तिला तोंडच उघडंना.”

घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. ताईंना ताप होता, चहा ओठांतून ओघळत होता, गाल सुजला होता आणि हनुवटीखालची सूज हाताला दगडासारखी लागली. सांगलीला न्यायला हवं म्हटलं, तर त्यांची आई दारातच उभी राहिली.

“आवं बाई, पोटुशीच्या दाताला हात लावायचा न्हाई. दाताच्या डाक्टरनंबी हेच सांगितलं, बाळातपण झाल्यावर या.”

मी खरं तेच बोलले. “मावशी, मलाही भीती वाटतेय. पण ही सूज गळ्यात उतरली तर श्वास कोंडेल. मग दोघंही हाताला लागायची नाहीत.”

मावशी दारातून बाजूला झाल्या आणि आतून लेकीसाठी शाल घेऊन आल्या.

पलूसमार्गे सांगली एरवी तासाची वाट. माझ्या गाडीत ताईंना पुढच्या सीटवर ताठ बसवलं, आडवं पडल्या तर श्वास अडकला असता. पुढे उसाचा ट्रॅक्टर, आणि मागून सोनाली शिकवल्याप्रमाणे ताईंचे श्वास मोजत होती. एकदा तिचं मोजणं थांबलं. मी करकचून ब्रेक दाबला. ताईंचा श्वास चालू होता, सोनाली नुसती रडत होती.

सांगलीच्या दवाखान्यात पू काढला, दात काढला. यंत्रावर बाळाचे ठोके ऐकू आले तेव्हा मी भिंतीला टेकून रडले.

दुसऱ्या दिवशी साताऱ्यात दवाखाना उघडल्यावर आधी जुनी वही काढली. बाळंतपणानंतर या म्हणून परत पाठवलेल्यांची नावं शोधली आणि ‘थांबू नका, आत्ताच या’ म्हणून सांगायला फोन करत बसले. पहिल्या नंबरवर नुसती रिंग वाजत राहिली. मी दुसरा लावला नाही, तोच पुन्हा लावला.