मागच्या चाकांचे व्याही

फिटरने गाडीच्या मागच्या बंपरच्या बरोबर मधोमध खडू टेकवला, रेघ खाली फरशीवर आणली आणि सरळ गॅरेजच्या दारापर्यंत ओढत नेली.

"डावं चाक माझं, उजवं तुमचं. रेघेच्या अलीकडे यायचं नाही, व्याहीबुवा."

"अलीकडे येण्यासारखं आहे काय तिकडं?" कातारी म्हणाला. "तुम्हीच तर आहात."

फिटरची मुलगी ही कातार्‍याची सून. नातं एवढंच, आणि तेही दोघांना जास्त वाटायचं.

फिटरचं उभं आयुष्य बसडेपोच्या खड्ड्यात गेलं होतं. वर बस येऊन थांबायची आणि हा खालून तिचं पोट तपासायचा. काम फक्त ब्रेकचं. घरी जेवताना रस्त्यावरून बस गेली की घास हातात तसाच धरून कान टवकारायचा. "मागचा डावा लायनर संपलाय. आज बघणार नाहीत, आणि मग बोंबलतील." बायको म्हणायची, "ती बस गेली. भात गार झाला." डेपोत त्याचा एक हट्ट होता. ज्याने ब्रेक बसवला त्याने पहिल्या फेरीला त्याच बसमध्ये बसायचं. साहेबांनी हसून सोडून दिलं. हा मात्र दरवेळी पाने ठेवून, हात पुसून ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसायचा.

कातारी कारखान्यात लेथवर होता. स्वच्छ एप्रन, नखात काळं नाही. चहात साखर घालतानाही चमचा डोळ्यांसमोर धरून बघायचा. सोयरीक ठरवायच्या पहिल्याच भेटीत तो म्हणाला होता, "ब्रेकच्या कामात काय, घासलं की बदलायचं." त्यावर फिटर म्हणाला होता, "आणि कातार्‍याचं काय, उभ्या उभ्या भुसा पाडायचा." त्यानंतर दोघं एकमेकांशी फार अदबीने बोलायचे, आणि ती अदब ऐकणार्‍याच्या अंगावर काटा आणायची.

गाडी जावयाची. जुनी, बुटकी, लांब नाकाची, दोनच माणसं बसतील अशी स्पोर्ट्स कार. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम. जावई कंपनीच्या बसने जायचा, त्यामुळे गाडी मुलगीच चालवायची. त्या दोघांचं घर चढावर. कामावर जाताना सगळा उतार, आणि उताराच्या तळाशी तीव्र वळण. ड्रम तापले की मागचं एक चाक आधी धरायचं आणि दुसरं मागाहून. ओल्या रस्त्यावर एकदा गाडी त्या वळणावर आडवी झाली आणि कठड्याला जाऊन टेकली. मुलगी घरी येऊन पाणी प्यायली आणि म्हणाली, "काही झालं नाही." फिटरने चेमटलेला पत्रा पाहिला. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

ड्रम काढून मागेही डिस्क बसवायच्या, हे त्याने ठरवलं. एका मोठ्या गाडीचे मागचे कॅलिपर भंगारवाल्याकडे मिळाले. डिस्क दोन्हीकडून चिमट्यासारखी पकडतो तो हा भाग. पण या गाडीवर ते बसवायला ब्रॅकेट घडवून घ्यावे लागणार होते, आणि ओळखीत लेथ एकाच माणसाकडे होतं. नाइलाज.

ब्रॅकेट आले. चकचकीत, कडा गोल केलेल्या.

"शॉकअ‍ॅब्सॉर्बर आडवा येत होता," कातारी म्हणाला. "म्हणून कॅलिपर ॲक्सलच्या मागच्या बाजूला घेतलाय."

"मला सांगायची गरज नाही. डोळे आहेत मला."

भंगारवाल्याने दोन खोक्यांवर 'डावा' आणि 'उजवा' असं लिहून दिलं होतं. फिटरने 'डावा' उचललं आणि दुसरं खोकं पायाने रेघेपलीकडे सरकवलं. मग दोघं आपापल्या चाकाखाली आडवे झाले. मधे नुसता पान्यांचा आवाज. पान्याचा खणखणाट जरा जास्त झाला तर समजायचं की पलीकडच्याला ऐकू जावं म्हणून केलाय.

कॅलिपर बसवल्यावर हवा काढायचं निपल खालच्या अंगाला आलं. फिटरला ते बरंच वाटलं. खड्ड्यात आयुष्य गेलेल्या माणसाला जे खालून हाताला लागतं ते सोयीचं. पाइप जोडले, हँडब्रेकची तार ओढून घेतली, मागच्या चाकांना दाब बेताने जावा म्हणून मधे व्हॉल्व्ह घातला. ब्रेक ऑइल भरलं. आता ऑइलमध्ये अडकलेली हवा काढायची, नाही तर पेडल मऊ राहतं; म्हणजे एकाने आत बसून पेडल दाबायचं आणि दुसर्‍याने खाली निपल उघडायचं. इथे बोलणं भागच होतं.

"दाबा."

"दाबलं."

"धरा. धरून ठेवा म्हटलं! सोडा आता."

एक चाक झालं, दुसरं झालं, पुन्हा पहिलं झालं. निपलला लावलेल्या बाटलीत ऑइल स्वच्छ येत होतं, बुडबुडा नाही. तरी पेडल लोण्यात पाय घातल्यासारखं आत जायचं.

"तुमच्या बाजूला गळती आहे," फिटर म्हणाला.

"माझ्या बाजूला बोट फिरवून बघा, कोरडं आहे. तुम्हाला ड्रमची सवय. डिस्क वेगळी असते म्हणतात."

"कोण म्हणतं? तुमचं लेथ?"

तेवढ्यात मुलगी दारात आली. "झालं?"

"होतंय," दोघं एकदम म्हणाले, आणि एकदम बोललो म्हणून दोघांनीही तोंडं फिरवली.

"तुम्हा दोघांना भांडायला जागा हवी, मला गाडी हवी. सकाळी मी ती घेऊन जाणार. झाली तरी आणि नाही तरी."

"वेडी आहेस का?"

"मग बसवा की नीट!" ती गेली.

फिटरने पुन्हा पेडल दाबलं. मऊ. या पेडलवर सकाळी तिचा पाय असणार आणि पुढे तो उतार.

"माझे ब्रॅकेट वाकडे आहेत असं उद्या म्हणाल," कातारी कुरकुरला. त्याने खिशातून सपाटी बघायची बोटभर पाणसळ काढली आणि आपल्या बाजूच्या ब्रॅकेटला उभी लावली. "या, बघा. आज रेघ ओलांडायची परवानगी आहे."

फिटर वाकून बघू लागला. ब्रॅकेट सरळ आहे की नाही हे त्याने पाहिलंच नाही. पाणसळीच्या उभ्या नळीतला हवेचा बुडबुडा वरच्या टोकाला जाऊन बसला होता. त्याची नजर तिथून कॅलिपरवर गेली आणि तिथून खाली, निपलवर.

तो तसाच उकिडवा राहिला. हवा वर जाते. निपल खाली. कितीही वेळा काढा, खालून ऑइलच येणार, वरची हवा वरच बसणार. मोठ्या गाडीत कॅलिपर ॲक्सलच्या पुढे होते, इथे मागे आले, म्हणजे उलटे झाले. डावा कॅलिपर उजवीकडे बसवायला हवा होता, उजवा डावीकडे. आपण खोक्यावरचं अक्षर वाचलं. चाक वाचलं नाही.

व्याह्याच्या खेळण्याने हे शिकवावं, याची चीड मस्तकात गेली. क्षणभर वाटलं, याला जेवायला घरी जाऊ द्यावं आणि मग एकट्याने अदलाबदल करावी. पण तो घरी गेला तर उजवं चाक कोण बघणार?

"व्याहीबुवा, तुमचा कॅलिपर काढा."

"का?"

"मला द्या. माझा तुम्ही घ्या. निपल वर यायला हवं."

कातार्‍याने वर पाहिलं, खाली पाहिलं. त्याला कळायला वेळ लागला नाही. "म्हणजे मगाशी खोकं पायाने ढकललं ते चुकीचं ढकललं."

"आणि ॲक्सलच्या मागे कुणी घेतलं?"

"ते मी सांगितलं होतं. तुम्हाला डोळे होते."

फिटर पुन्हा आपल्या चाकाकडे सरकला. त्याने पाना उचलला.

कॅलिपर रेघेवरून इकडचे तिकडे गेले, हातातून हातात. पाइप आणि तार पुन्हा जोडली. पुन्हा दाबा, धरा, सोडा. या वेळी बाटलीत बुडबुडे असे उसळले की कातार्‍याच्या तोंडून "अरे वा" निसटलं आणि तो लगेच खोकला. पेडल वरच्या वर दगडासारखं थांबलं.

फिटर हात पुसून स्टिअरिंगवर बसला. दुसर्‍या बाजूचं दार उघडलं आणि कातारी आत शिरला.

"तुम्ही कुठं?"

"निम्मा ब्रेक माझा आहे. डेपोतली तुमची ती पद्धत सूनबाईने चारदा ऐकवलीय मला."

गाडी अरुंद. खांद्याला खांदा लागत होता आणि दोघं तो लागू नये म्हणून काचांना चिकटले होते. उतारावर फिटरने गाडी सोडली. वळण जवळ आलं तसा कातार्‍याने दाराचा दांडा घट्ट धरला. फिटरने पेडल दाबलं. गाडी जमिनीत रुतल्यासारखी सरळ थांबली.

"किंचित डावीकडे ओढते," कातारी म्हणाला.

"उजवं चाक कमी धरतंय."

"पुन्हा वर घ्या."

पुन्हा वर घेतली. कॅलिपरमधले नवे पॅड डिस्कवर घासून बसेपर्यंत अशा फेर्‍या होत राहिल्या. मग ओढायची थांबली. कुणाचं चाक सुधारलं यावर मात्र एकमत झालं नाही.

सकाळी मुलगी गाडी घेऊन निघाली. फिटर फाटकाच्या एका खांबाशी उभा होता, कातारी दुसर्‍या. गाडी उताराला लागली. तळाशी मागचे लाल दिवे पेटले.

"माझे ब्रॅकेट जर—" कातार्‍याने सुरुवात केली.

"गप्प बसा हो," फिटर म्हणाला. "ऐकू द्या."