आबांचा आवाज

बोरीच्या येडबाची दैवशाला पुण्याला पीएच.डी. करायला गेली, तेव्हा ती नेमकं काय शिकते हे गावात कुणालाच उमगलं नव्हतं. येडबा मेंढरं राखायचा. कुणी विचारलं की सांगायचा, "मशिनीला आपलं बोलणं शिकवायलीय माझी लेक." आणि काम खरोखर तेच होतं.

बोरीच्या शाळेतून ती परभणीच्या कॉलेजात गेली, तिथून नांदेडला एम.टेक., आणि मग कृत्रिम बुद्धिमत्तेत संशोधन करायला पुण्याला. फोनमधल्या मशिनला बातम्यांतली मराठी कळायची, पण 'आमी जायलोत' म्हटलं की ते भलतंच काहीतरी लिहायचं. हे तिला छळायचं. म्हणून तिनं जिंतूर-सेलूकडच्या म्हाताऱ्या माणसांचे आवाज गोळा करायला घेतले. शिकलेल्या पोरीपुढं माणसं बोलेनात, तेव्हा येडबा मेंढरं भावाच्या हवाली करून तिच्यासोबत फिरला. देवगाव फाट्यावरून आत, वस्त्यावस्त्यांवर. मधेच म्हणायचा, "बोला की, लाजू नका. पोरगी माझीच हाय." पुण्याला परत गेल्यावर दैवशाला नेमकी ती वाक्यं कापून टाकायची. तिला आवाज हवा होता समोरच्या माणसाचा.

काम निम्म्यावर आलं आणि तिचे मार्गदर्शक परदेशी निघून गेले. नव्या मार्गदर्शकांनी विषयच बदलायला सांगितला. "मोठ्या कंपन्यांची मॉडेलं आली आता. एका बोलीवरचं वेगळं काम कोण छापणार?" तिनं तरीही पेपर पाठवले, ते परत आले. शिष्यवृत्ती संपली. पीएच.डी. सोडून ती एका कंपनीत लागली. ग्राहकांच्या तक्रारी ऐकून घेणारं मशीन घडवायचं, हे तिथलं काम. पुढं कंपनीनं तो सगळा गटच कमी केला. सामान बांधत असतानाच धाकट्या भावाचा, बबलूचा फोन आला.

"ताई, आबांचा आवाज पार बसलाय. पाणीसुद्धा गिळंना त्यांना."

गळ्याचा कॅन्सर निघाला. स्वरयंत्र काढावं लागेल, असं संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं. येडबाच्या गळ्यातून तोवर नुसती कुजबूज यायची, तिचं रेकॉर्डिंग करूनही उपयोग नव्हता. ऑपरेशनला नेताना त्यानं लेकीला जवळ बोलावलं.

"भिऊ नगं, माय. तुज्या मशिनीतून बोलीन की मी."

"हाव, आबा," दैवशाला म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

ऑपरेशन झालं, येडबाचा आवाज कायमचा गेला. जुन्या आवाजावरून नवं बोलणं घडवता येतं, हे दैवशालाला ठाऊक होतं. पण जुना आवाज तर हवा. तिनं पीएच.डी.च्या जुन्या विभागात फोन केला. सोडून गेलेल्या विद्यार्थ्यांच्या फाइली केव्हाच पुसल्या होत्या. तिनं हातापाया पडून पाहिलं. पुसलेलं परत आणता येत नाही, एवढंच उत्तर मिळालं. शेवटी पुण्यातल्या अर्पिता नावाच्या मैत्रिणीकडं एक जुनी हार्ड डिस्क सापडली. तिच्यात थोड्या मुलाखती होत्या, अजून न कापलेल्या. मेंढवाड्याच्या कडेला बसून दैवशालानं कानाला हेडफोन लावले. कुणा म्हातारीच्या बोलण्यात मधेच येडबा बोलला, "लाजू नका." तिनं तोंडात पदर कोंबला. सगळं शोधून जेमतेम मिनिट-दोन मिनिटांचा आवाज हाती आला.

तेवढ्यावरून तिनं मशीन घडवलं आणि लॅपटॉप बाजेवर ठेवला. "ऐका, आबा."

"बानू, मला पाणी हवे आहे," मशीन बोललं.

आवाज येडबाचा, बोलणं बातम्या वाचणाऱ्याचं. त्याची बायको बानूबाई दचकून मागं सरली. येडबानं लॅपटॉपकडं पाहिलं, मान हलवली आणि हातानं तो दूर सारला.

"सुधरतंय, आबा. थोडं थांबा."

ती सुधारत राहिली. 'पानी दे गं' लिहून दिलं की मशीन अडखळायचं, सूर हलायचा, येडबा डोळे मिटून घ्यायचा. याच काळात बंगळुरूच्या एका प्रयोगशाळेनं तिची मुलाखत घेतली. पीएच.डी. का सोडली, मधल्या काळात काय केलं, असं त्यांनी विचारलं.

"वडिलांचा आवाज तयार करतेय."

"त्यावर काही छापून आलंय?"

"नाही."

त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी घेतलं.

आजार मानेत पुन्हा उमटला. आता डॉक्टरांनी हात टेकले. एका दुपारी येडबानं दैवशालाला खूण करून जवळ बसवलं आणि ओठ हलवायला लागला. त्याला अक्षरओळख नव्हती, लिहून दाखवणार कसा?

"मेंढरांचं म्हणता का, आबा? बबलूचं? दुखायलंय का कुठं?"

दरवेळी तो मान हलवायचा. मग पुन्हा तेच शब्द, सावकाश, तिच्या डोळ्यांत बघत. बानूबाई आली, तिलाही उमगेना. दैवशालानं फोन त्याच्या तोंडासमोर धरला, ओठांचं चित्रण घेतलं, ते पुन्हापुन्हा बघितलं. हाती काही लागलं नाही. "अजून एकदा, आबा. एकदाच," ती गयावया करायला लागली. येडबानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि भिंतीकडं कूस वळवली.

त्या आठवड्यातच तो गेला.

दैवशाला आता जिंतूरच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवते. त्या दुपारचं चित्रण अजून तिच्या फोनमध्ये आहे. जेवायला बसलं की बानूबाई मधेच हात थांबवून विचारते, "काय म्हनत असतील गं त्ये?"

"कळंना गं, माय," ती म्हणते आणि मग दोघींनाही घास जात नाही.