वच्छलाच्या दोन पेश्या

अड्याळची वच्छला मला तांदूळ आणून द्यायची. विधवा, तोंडाने फटकळ; म्हणूनच आमचं जमलं. दिराशी वाटणीचा खटला भंडाऱ्याच्या कोर्टात चालू होता. आमच्याकडे कोर्टाच्या तारखेला पेशी म्हणतात; तारीख पुढे ढकलली की पेशी वाढली. पेशी आली की वच्छला आणि तांदूळ माझ्या ओट्यावर हजर.

त्र्याऐंशीच्या दिवाळीआधी आली ती गाल धरून, पण खुशीत.

"मागच्या महिन्यात डाक्टरले दाखवलं, बाई. तो म्हने, पेशी वाढल्या, नागपूरले जा. माही केस त्याले कोनं सांगतली? आता हायकोर्टात चालन वाटते."

"हायकोर्ट कसलं? तोंड उघड."

वर्षानुवर्षं गुडाखू, गूळ-तंबाखूचा लगदा, दाबायची त्याच जागी पांढऱ्या कडेची जखम. महिना फुकट गेला होता. डॉक्टरचा राग आला, आणि हा शब्द पुस्तकात घालणाऱ्याचाही. कॉलेजात जीवशास्त्र शिकवताना मी तोच रोज फळ्यावर लिहीत होते.

"ही पेशी अंगातली, वच्छला. आपलं अंग असल्या बारीक पेशींचंच बनलंय. तुझ्या गालातल्या मोकाट सुटल्यात. कॅन्सर असेल."

तिने बोटाने गाल चाचपला. म्हणाली, "एवढ्या वाढतात, त यायले रांधून कोन घालते?"

"पेशीच्या घरात एक वेगळी चूल असते. मायटोकॉन्ड्रिया. राहते त्याच घरात, पण रांधायची भांडी तिची निराळी. त्यांना रायबोझोम म्हणतात. आणि ती भांडी ज्या प्रथिनांची बनतात, ती मात्र जवळजवळ सगळी पेशीच्या मोठ्या घरातूनच घडवून येतात."

"म्हंजे चूल माही, भांडे दिराकडचे!" गाल दाबून हसली.

त्या प्रथिनांवर हल्ली पुष्कळ छापून येतं. कुठल्या कॅन्सरमध्ये कुठलं वाढलं, कुठलं घटलं, वाद संपलेला नाही. वाचताना मला दिराची भांडीच आठवतात.

"मंग त्या चुलीत पानी टाका न."

"उंदरांवर करून बघतायत. माणसाला औषध नाही अजून. आज आहे ती सुरी, आणि किरणं. नागपूरला."

ओळखीने दवाखान्याची वेळ मिळवली, तर नेमकी कोर्टाच्या तारखेचीच.

"मी नाई दिसली त दीर म्हनन, वयनी पळाली. वकील म्हनते, केस खारीज होईन. वावर गेलं त खाऊ काय?"

"होईलही खारीज." खोटा धीर मला देता येत नाही.

तिने रिकामी पिशवी झटकली, घडी केली, पुन्हा उलगडली.

"जाऊ द्या. या पेशीले हजर होतो."

गालाचा मोठा तुकडा काढावा लागला. मी भेटायला गेले तेव्हा अर्धा चेहरा पट्टीत होता. सांगितलं, "कोर्टात त्या दिवशी जज्जसाहेबच रजेवर होते. तुझी पेशी वाढली."

पट्टीआडून काहीतरी पुटपुटली. मी कान जवळ नेला.

"थे वाढू द्या."