आसवांपेक्षा खारट नको
सरबत चाखून कुणी “मीठ जास्त झालं” म्हटलं, की मला लोह्याजवळच्या एका गावातली माझी हुशारी आठवते. समाजमंदिराच्या तापलेल्या पत्र्याखाली पंधरा-वीस आया लेकरं मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि माझ्याकडे त्यांच्यापेक्षा साखरेवरच्या माशांचंच जास्त लक्ष होतं. जुलाब लागलेल्या लेकराला पाजायचं साखर-मिठाचं पाणी मी ढवळून दाखवत होतो. “चाखून बघा, आसवांपेक्षा खारट लागता कामा नये,” मी नाटकी आवाजात म्हणालो. मागून एक आई बोलली, “सायेब, ह्याला तर कालपासून आसवंच येईना झालीत. नुसतंच रडतंय.” “मग लई धीट निघंल की गडी!” मी म्हणालो, आणि बाया तोंडाला पदर लावून हसल्या. हसली नाही ती फक्त गावात आरोग्याचं काम बघणारी आशाताई. तिनं लेकराच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, तर घडी तशीच उभी राहिली. आसवं आटणं ही धोक्याची खूण माझ्याच पाठीमागच्या तक्त्यावर छापलेली होती. जीपमधून दवाखान्यात नेताना ती आई चमच्या-चमच्यानं पाणी पाजत राहिली, ओठांतून ओघळलं की पदरानं टिपत राहिली. “बरूबर करून राहिले ना मी, सायेब?” तिनं विचारलं. लेकराचं गिळणं केव्हाच थांबलं होतं. “बरोबर,” मी म्हणालो. आजही मी गावोगाव हेच शिकवतो. तिच्याइतकं बरोबर करणारी आई मला पुन्हा दिसली नाही.